बांधावर बसणारी बाई

चंद्रपूरहून मूलकडे येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मनगटात हिरव्या बांगड्या आणि त्यांच्यात अडकलेलं काळं स्मार्ट घड्याळ. तसलंच घड्याळ माझ्याही हातात आहे. मी चालावं म्हणून मुलीनं दिलं आणि मी सोफ्यावर बसून नुसता हात हलवतो, म्हणजे त्यात पावलं वाढतात.

"तुमचंही धडधडते का, भाऊ?" माझ्या घड्याळाकडे पाहत तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं, तशी ती सांगत सुटली. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, बाया एका ओळीत वाकून मागे सरकतात. मधूनच हिची छाती फडफडायची आणि ही बांधावर जाऊन बसायची. दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके सरळ, त्यामुळे बायांना हे कामचुकारपणाचं सोंग वाटायचं. शेवटी लेकीनं आपलं घड्याळ दिलं. धडधडलं की त्याला बोट लावून गप बसायचं, मग ठोक्यांची रेघ उमटते. पण बायांना आणखीच फावलं.

"पाहा, महाराणी सुट्टी कवा होते ते पाहून राह्यली!"

नवराही हसला.

ती रेघ पाहून डॉक्टरांनी छातीला दिवसभर मशीन लावून ठेवली. ठोके खरंच चुकत होते. आजपासून गोळ्या सुरू झाल्या होत्या.

"बिमारी निघाली, भाऊ," दहावी पास झालेल्या पोरीच्या तोऱ्यात ती म्हणाली. "मी कामचोर नाई निघाली."

हृदयाच्या आजाराबद्दल कोणाचं अभिनंदन करायची माझी ही पहिलीच वेळ. मी मनापासून केलं. तिनं पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. रोवणीच्या बायांसाठी घेतला होता.

"घ्या, दोन घ्या," ती म्हणाली. "त्याईले कमी पडले तरी चालते."