अक्काच्या बॅगेवरचा तांबडा ठिपका

माझ्या अक्काला खोट्या वस्तूंचा अनुभव दांडगा. लग्नात सासरच्यांनी घातलेल्या पाटल्यांनी वर्षभरातच तिच्या मनगटावर काळे वळ उठवले. माहेर जळगावचं, जिथं शेंबड्या पोरालाही सोन्याचा कस कळतो, आणि आमच्याच मुलीच्या हातात पितळ! अक्का हे हसून सांगते. पण तेव्हापासून तिला काहीही द्या, ती ते आधी उलटं करते, ठोकून पाहते, हुंगते आणि मग "छान आहे" म्हणते. मला दरवेळी राग येतो. तिच्यावर नाही, त्या पाटल्यांवर.

धुळ्याच्या शाळेत शिकवता शिकवता तिनं धाकट्या बहिणीला, म्हणजे मला, शिकवलं. ती निवृत्त होणार होती. एकदा माझ्या मोबाइलवर एका परदेशी कंपनीची बॅग बघत ती बराच वेळ थांबली होती, ते मी मनात ठेवलं होतं. निरोप समारंभाला अक्काच्या खांद्यावर एक तरी अस्सल वस्तू असलीच पाहिजे, असं मी ठरवलं. नवी घेणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ऑनलाइन जुनी शोधायला बसले.

तिथं खऱ्यापेक्षा खोट्याचाच बाजार मोठा. महिनाभर व्हिडिओ बघून मी पंडित झाले. टाके एका मापाचे आहेत का, चेनच्या पट्टीवरची अक्षरं कोरलेली आहेत की नुसती छापलेली, आतल्या खिशात क्रमांक आहे का. पुण्याच्या एका बाईकडून मी इतके फोटो मागवले की ती शेवटी म्हणाली, "ताई, बॅग घेताय की मुलगी बघताय?" मी म्हटलं, मुलगी असती तर इतकं विचारलं नसतं.

बॅग आली. पसंत न पडल्यास सात दिवसांत परत, पण पाठवली तशीच, ही अट. फोटोत नीट न कळलेली गोष्ट म्हणजे आतल्या अस्तराचा रंग, तो मला जरा फिकट वाटला. बॅग टेबलावर ठेवून मी शेजारी भिंग मागायला गेले. परत येते तर आईनं बॅग देवापुढं पाटावर ठेवलेली. आमच्याकडे नवी वस्तू हळद-कुंकवाशिवाय वापरत नाहीत, सायकल असो की मिक्सर. कुंकू कोरडं होतं, म्हणून तिनं बोट निरांजनातल्या तेलात बुडवून बॅगेच्या धरायच्या दांडीवर ठसठशीत टिळा ओढला होता.

मी पुसला. तो पसरला. ओल्या फडक्यानं घासला, तर आणखी आत गेला. आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "एवढं काय त्यात? अक्काचंच शे ना?" मी तिच्यावर ओरडले, आणि ते मला अजून लागतं. ओरडले, कारण आता बॅग परत जाणार नव्हती, आणि खोटी निघाली तर अक्काच्या हाती मीच दुसऱ्या पाटल्या ठेवणार होते.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळ चपला-बॅगा शिवणाऱ्या नानांकडे गेले. डाग निघतो का, एवढंच विचारायचं होतं. नानांनी दांडी वाकवली, नखानं दाबली, आणि हसले. "ताई, रेक्झिनवर कुकू बसस, मुरत नही. हाई चामडं शे, तेबी कच्चं. रंग नही, पॉलिश नही. हातना घाम पीसन लाल व्हई." मग बोट उचलून म्हणाले, "कंपनी कोनती, ते माले माहीत नही."

मला तिथल्या तिथं आठवलं. व्हिडिओतली बाई हेच सांगत होती. खऱ्या बॅगेची दांडी कच्च्या चामड्याची असते, पाण्याचा थेंबही पिते, पण हे कुणी करून बघू नका. जी परीक्षा घ्यायची माझी हिंमत नव्हती, ती आईनं देवापुढं बसून घेतली होती. मात्र नकली करणारेही हल्ली खरं चामडं वापरतात, म्हणून तपासणी करून देणाऱ्यांकडे सगळे फोटो पाठवले. तीन दिवसांनी उत्तर आलं: बॅग खरी. मी आधी आईच्या पायाशी जाऊन बसले. ती म्हणाली, "चहा ठेव."

समारंभाच्या सकाळी धुळ्याला पोचले. अक्कानं बॅग हातात घेतली, उलटी केली, नाकापाशी नेली. मग तिचा अंगठा त्या ठिपक्यावर थांबला.

"हे काय?"

मी सगळं सांगितलं. आईचं तेलाचं बोट, माझं ओरडणं, नाना. तपासणीचं पत्र दाखवायला मोबाइल काढला, तर अक्कानं तो माझ्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला. चष्मा, रुमाल, किल्ल्या बॅगेत टाकल्या आणि बॅग खांद्याला लावली.

शाळेत बाया जमल्याच. कुठली गं, ओरिजिनल आहे का? अक्कानं ना कंपनीचं नाव सांगितलं, ना चेन दाखवली. दांडी पुढं केली. "हे बघा," ती म्हणाली, "माझ्या मायनं लावेल शे."