पद्मीबाईंचा बंद रविवार

किश्श्यांचं एक वाईट असतं. घडताना डोक्याला ताप, आणि नंतर चहाला चार टाळकी जमली की नेमके तेच आठवतात! मी कामतघरची कम्प्युटरवाली बाई. दिघाशीजवळच्या एका वारली पाड्यावर, घरी पाहुणे ठेवणाऱ्यांना वेबसाइट, बुकिंग, रिव्ह्यू असलं सगळं शिकवायला वर्षभर जात होते. क्लास संपला, पण त्या लोकांची फार आठवण येते हो.

पहिल्याच दिवशी बजावलं, "पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही!" दुसऱ्या दिवशी बघते तर धाकलूदादांचा पासवर्ड अख्ख्या पाड्याला पाठ. धाकलूदादा म्हणजे पाहुण्यांना रान दाखवणारे गाईड. मी चिडले, तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाड्यात ऱ्हायचं आन् लपवायचं? बरं दिसत न्हाय."

मग निसर्ग जपायचा धडा. रानात एका वेळी दहाच माणसं न्या, झाड तोडू नका, प्लास्टिक टाकू नका... तासभर घसा कोरडा केला. धाकलूदादांनी हात वर केला. "मॅडम, रान तोडून गोडाऊन बांधत्यात, त्यांचा क्लास कदी हाय?"

पुढची स्लाइड मी गुपचूप बंद केली.

आमच्या बॅचमध्ये सगळ्यात हट्टी पद्मीबाई. घरात पाहुण्यांसाठी एकच खोली. ती खरं तर त्यांच्या मुलाची, किसनची. किसन अंजूरला गोडाऊनमध्ये ड्युटीला, राहायलाही तिकडेच. "पावनं येत ऱ्हायलं तर माझा किसन कायमचा घरी येल," एवढ्यासाठी बाई क्लासला यायच्या.

त्यांना एका पाहुण्याने तीनच स्टार दिले. बाईंनी थेट फोन लावला, "दादा, काय कमी पडलं?" तो बिचारा चाचरत म्हणाला, "भाकरी जरा गार होती." "मंग परत या, गरम घालते!" तो आला, आणि येताना चार मित्र घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सगळा क्लास माझ्या मागे, "मॅडम, आमाला पन तीनच स्टार मिळवून द्या!"

पण बुकिंगचं कॅलेंडर शिकवलं तेव्हा मात्र माझा पारा चढला. बाईंनी सगळे रविवार बंद करून ठेवलेले! "अहो, रविवारीच तर शहरातले लोक निघतात! अशाने कसा येणार किसन घरी?"

"रविवारी त्याला सुट्टी असते ना," बाई म्हणाल्या. "पोऱ्या घरी आला तर झोपंल कुठं?"

मी लॅपटॉप मिटला.

क्लास संपून काही महिने झाले असतील. परवा सहज बाईंचं पान उघडलं. सगळे रविवार उघडे! पोरगा सुट्टीलासुद्धा येईनासा झाला की काय? तसाच फोन लावला.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "नमस्कार, पद्मीबाईंचं घर. मी किसन बोलतोय. खोली रोज मोकळी हाय, मी आता ओट्यावर झोपतो. पावनं किती हायेत?"