बांगड्या काहून काढल्या

“अक्का, तू तर मेलीस,” माझी बहीण मला म्हणाली.

ती लोखंडी पलंगावर पडली होती. उजवा हात ओढणीनं पलंगाच्या दांडीला बांधलेला. ओठ वाळून फुटलेले, डोळे आत गेलेले. एकोणीस दिवसांपूर्वी मी तिला या घरात आणून सोडलं, तेव्हा आपली पिशवी आपणच उचलून ती आत गेली होती. आता तिला मान उचलवत नव्हती. आज उन्हं फार आहेत असं सांगावं, तसं तिनं मला मी मेल्याचं सांगितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुपारचे बारा वाजले होते. पलीकडच्या खोलीत टीव्ही चालू होता. सांभाळणारी ताई दारात उभी होती. म्हणाली, “आजी, लक्ष नका देऊ. आठ दिवसांपासून असंच बडबडून राहिली.”

“आठ दिवसांत एकदा तरी विचारलं का, कोण मेलं म्हणून?”

“त्यांना काय विचारायचं आजी? त्यांना कळतंय व्हय?”

कळतंय. किती कळतं ते सांगते.

माझी बहीण एकावन्न वर्षांची आहे, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. आई गेल्यापासून ती माझ्याजवळ, हट्टा गावाच्या बाजूला माझं सासरचं खेडं आहे तिथं. दवाखान्याच्या कागदावर ‘मतिमंद’ लिहिलंय. गावात भोळी म्हणतात. पाचाच्या पुढं तिला मोजता येत नाही, एसटीत बसवलं तर कुठं उतरायचं ते कळत नाही. पण हळद निघाली की तिला खळ्यात बसवा. गड्डे एकीकडं, हळकुंडं दुसरीकडं, दिवस मावळेपर्यंत एक चूक सापडायची नाही. शेळी कधी व्यायची ते आमच्याआधी तिला कळतं. तिचं एकच आहे. जे करायचं ते तिला आधी सांगावं लागतं. न सांगता केलं की ती आपल्या मनानं कारण शोधते, आणि सापडलेलं कारण सोडत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड बसला. मला मूलबाळ नाही, नवरा नऊ वर्षांमागं गेला. मलाच उठून पाणी घेता येईना, तर हिला कोण बघणार? गावातल्या आशाताईनं सांगितलं की तालुक्याला एका संस्थेनं घर घेतलंय. सहा बायांची सोय आहे, दोघी ताया सांभाळतात, दवाखान्यासारखं नाही, घरासारखं. मी वॉकर धरून जाऊन पाहिलं. फरशी चकचकीत, भिंतीवर वेळापत्रक. तिथले सर गोड बोलले. चार पानांचा फॉर्म भरून घेतला. वजन, रक्तगट, फिट येते का, गोळ्या कोणत्या. तिला भीती कशाची वाटते, याला त्या चार पानांत जागा नव्हती. मी आपणहून सांगायला लागले तर सर म्हणाले, “आजी, आमचा स्टाफ ट्रेनिंग घेतलेला आहे. त्यांना समजतं.”

आणि एक अट घातली. पहिला महिना भेटायला यायचं नाही, फोनही करायचा नाही, म्हणजे ती रुळेल. नवा बैल आणला तरी त्याला रुळेपर्यंत एकाच माणसाच्या हातानं वैरण टाकतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी मान हलवली. ते शिकलेले, मी चौथी पास. ही माझी चूक आहे आणि मी ती झाकत नाही.

मी घरी गेले त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढल्या. त्यांचा नियम होता, काच नको, फुटली तर लागेल. नियमाला मी नाव ठेवत नाही. पण तिला सांगितलं नाही. दोघींनी धरलं, साबण लावला, ओढाओढीत एक बांगडी फुटली.

आता माझा नवरा गेला त्या दिवशी बायांनी माझे हात धरून बांगड्या फोडल्या, तेव्हा ही माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तेव्हापासून तिला एक गोष्ट पक्की माहीत आहे. बांगड्या फुटल्या म्हणजे आपलं माणूस मेलं. तिला नवरा नाही. तिचं माणूस मी. मी तिला सोडून गेले, बांगड्या फुटल्या, आणि पुढं दहा-अकरा दिवस ना मी दिसले ना माझा आवाज आला. मग मी मेलेच की. यात तिचं काय चुकलं? भल्याभल्यांना इतकं सरळ जुळवता येत नाही.

पुढचंही तिनं आमच्या रीतीनंच केलं. घरात मयत झालं की चूल पेटत नाही. भाऊबंद बाहेरून भाकरी आणतात, जवळ बसतात आणि ज्याचं माणूस गेलं त्याला पहिला घास आपल्या हातानं भरवतात. आम्ही त्याला कडू घास म्हणतो. तो घास कुणी भरवल्याशिवाय आपण होऊन ताटाला हात लावायचा नसतो. ती त्या घासाची वाट बघत बसली होती. ताया ताट समोर ठेवायच्या आणि टीव्हीकडं जायच्या. हे सगळं तिनंच मला नंतर घरी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं.

मला तरी कुठं कळलं असतं? त्या घरात भांडी घासायला एक बाई यायची. भरलेली ताटं तिच्याच पुढं येऊन पडायची. बहिणीच्या पिशवीत मी माझा नंबर लिहून ठेवला होता, तो बघून तिनं आपल्या मोबाइलवरून फोन केला. “मावशी, मी सांगितलं असं म्हणू नका. पण तुमची बहीण जेवत न्हाई. लवकर या.”

मी तशीच निघाले. आधी तिच्या हाताची गाठ सोडली. ताई म्हणाली, “सोडू नका, सलाईन लावायला डॉक्टर येणारेत, ती ओढून टाकते.” मी म्हटलं, “तू बाजूला हो, नाहीतर हा वॉकर तुझ्या डोक्यात घालीन.” ती बाजूला झाली.

मग मी पलंगावर बसले. बहिणीला म्हटलं, “ए भवाने, इकडं बघ. मेलेलं माणूस शिव्या देतं का?”

तिनं भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. “देत न्हाई.”

“मग मी काय करून राहिले?”

“शिव्या.” मग हात पुढं केला. मनगट सोललेलं होतं. “मग बांगड्या काहून काढल्या?”

“यांना अक्कल न्हाई म्हणून.”

भांडी घासणारी बाई ओल्या हातानं आत आली होती. तिला कळवळा आला आणि तिनं आपल्या हातातल्या दोन बांगड्या सरकवून काढल्या, हिला घालायला. झालं. बहीण किंचाळली, “हिचं कोण मेलं?”

“कोनी न्हाई मेलं गं बाई,” ती म्हणाली. “मालक जिता हाय माझा. सकाळपासून पिऊन पडलाय घरी. बोलवू का दाखवायला?”

बहीण हसली. फुटलेल्या ओठांतून रक्त आलं, तरी हसली. मी तिच्या ताटातली भाकरी पेल्यात पाणी घालून कुस्करली, पातळ केली आणि चमच्यानं पाजली. कडू घास म्हणून नाही, तेही तिला सांगून. अर्धा पेला गेला.

मग मी त्यांची रोजच्या नोंदीची वही मागितली. ताईला वाटलं म्हातारीला काय वाचता येतंय, दिली. नाश्ता, दुपार, संध्याकाळ, एकोणीस दिवसांच्या प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण होती. ताट ठेवलं की खूण, पोटात गेलं की नाही ते बघायचं नाही. शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात आधी ‘हट्टी’, मग ‘सहकार्य करत नाही’, मग ‘शांत राहण्याची गोळी सुरू’. उपाशी बाईला झोपेची गोळी. जनावरांच्या डॉक्टरनंसुद्धा आधी विचारलं असतं, वैरण खाऊन राहिलं का म्हणून.

सर आले. खुर्ची देऊन म्हणाले, “आजी, तुम्ही फार भावनिक होताय.”

मी म्हटलं, “मी भावनिक नाही. मी वही वाचली. हिच्यापुढं ताट ठेवलं, ती का खात नाही हे तिला कोणी विचारलं?”

“त्यांना उत्तर देता आलं नसतं.”

“तिनं आठ दिवस उत्तरच दिलं. अक्का मेली, अक्का मेली. तुमचा स्टाफ त्याला बडबड म्हणतो.”

“या लोकांना सांभाळणं सोपं नसतं आजी.”

“मी एकतीस वर्षं सांभाळलं. मला सांगता?”

त्यावर ते वेळापत्रक दाखवायला लागले. सकाळी प्रार्थना, मग व्यायाम, मग टीव्ही, मग विश्रांती. हाताला काम कुठंच नव्हतं. सहा धडधाकट बायांना सकाळपासून बसवून ठेवलं होतं, आणि त्याला ते सेवा म्हणत होते.

मी तिला रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवस सलाईन चाललं, मग घरी आणलं. मी तक्रार लिहिली, माझ्या हातानं, दोन पानं. तपासणीचे सरकारी साहेब येऊन गेले, असं ऐकलं. फरशी पाहिली, वेळापत्रक पाहिलं, वहीतल्या खुणा पाहिल्या आणि सगळं बराबर आहे असं लिहून गेले. बायांपैकी एकीशीही बोलले नाहीत. भांडी घासणारीचं काम मात्र गेलं. तिनंच मला ते सांगितलं आणि वर म्हणाली, “जाऊ द्या मावशी, दुसरं मिळंल.”

अशी घरं नकोत असं मी म्हणत नाही. हवीतच. मी अडुसष्ट वर्षांची आहे, काठीवर चालते. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येते म्हणून आमचं भागतं. मी खरंच मरेन तेव्हा हिला कुठंतरी राहावंच लागेल, आणि ते कुठं, ते मला अजून सापडलेलं नाही. मला चकचकीत फरशी नको. तिच्याजवळ बसून, तिला विचारून, तिचं उत्तर खरं धरणारं एक माणूस हवं. त्याला जास्तीचं शिक्षण लागत नाही. भांडी घासणाऱ्या बाईला ते जमलं.

ते एकोणीस दिवस माझ्या बहिणीनं काढले. बाकीच्या पाचजणी अजून तिथंच काढून राहिल्यात.