विसरणाऱ्यांच्या दारी आमची गाडी

चार माणसं एका गाडीतून गावोगाव फिरली की गाडीत डिझेलपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमची गाडी कधीच बंद झाली, माणसं पांगली. पण परवा बोईसरच्या बाजारात आमचा जुना ड्रायव्हर शुक्ला भेटला आणि भर रस्त्यात आम्ही दोघं असे हसत सुटलो की भाजीवाली वजन करायची थांबली.

गाडीचं काम असं होतं. म्हातारपणी येणारा अल्झायमर आणि विसरायला लावणारे त्याच्यासारखे इतर आजार काही घराण्यांत जास्त का दिसतात, हे शोधायला गावागावांतून रक्त गोळा करायचं. डॉक्टर मॅडम जनुकांचा अभ्यास करणाऱ्या, मुंबईच्या. स्मरणशक्तीचे प्रश्न विचारायला मी. रक्त काढायला नीलेश, शिरगावचा.

नीलेशच्या आईलाच हा आजार होता. त्यामुळे त्याचंही रक्त तपासायला गेलेलं. निकाल मॅडमकडे होता, पण त्याने विचारल्याशिवाय त्या सांगणार नव्हत्या. इकडे त्याचं स्नेहाशी लग्न ठरत आलेलं, तिच्या घरचे सुपारी कधी फोडायची म्हणून मागे लागलेले. "माझ्यात पण ते निघालं तर तिच्या गळ्यात कशाला मारू हे?" म्हणायचा. दर सोमवारी मॅडम विचारायच्या, "सांगू?" दर सोमवारी हा म्हणायचा, "पुढच्या सोमवारी."

आम्ही त्याला चिडवायचो खूप. पण त्या सोमवारचं टेन्शन आम्हालाही यायचं.

*

माझ्या परीक्षेत तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. चिकू, घागर, होडी. चिंचणीत पहिल्या दिवशी सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी एका आजींच्या दारात गेले, अजून चप्पल काढतेय तोच आजी म्हणाल्या, "चिकू, घागर, होडी. झालं ना?"

शेजारच्या घरी तेच. त्याच्या शेजारी तर सूनबाईच म्हणाल्या, "सासऱ्यांना सकालपासनं पाठ करून घेतलंय. नापास नका करू."

पेपर फुटला होता! आळीतल्या आळीत सगळ्यांनी एकमेकांच्या म्हाताऱ्यांची तयारी करून घेतली होती, तीही मोठ्या प्रेमाने. मॅडमनी डोक्याला हात लावला आणि शब्द बदलले. मी पुढच्या घरी नवे शब्द सांगितले, तर आजोबा गंभीरपणे म्हणाले, "हे आमच्या सिलॅबसमदी नव्हतं."

*

रक्ताच्या नळ्या बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या डब्यातून संध्याकाळी मुंबईला जायच्या. शिरगावला एका मावशींच्या सासूची तपासणी झाली. मावशींनी चहाला थांबा म्हटलं तर आम्ही घाईत. आल्यागेल्याला रिकाम्या हाती पाठवायची त्या घराला सवय नाही.

रात्री मुंबईच्या लॅबमधून मॅडमना फोन. "मॅडम, नळ्या पोचल्या. सोबत दोन पापलेटं आहेत. त्यांना नंबर द्यायचा का?"

मॅडम शुद्ध शाकाहारी. दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं, तर त्यांचाच चेहरा उतरला. "बर्फाचा डबा दिसला, तर मासली दुसरीकडं कुटं ठेवनार?"

शुक्लाचं दुःख वेगळंच. "दीदी, डब्बा मैं ही चढ़ाया था। एक बार खोल के देख लेता!"

*

सफाळ्याला एक शेतकरी आजोबा. बांधावर जायचे आणि घराची वाट विसरायचे. मॅडम घरच्यांना समजावत होत्या की प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक जनुक आहे, मेंदूतला कचरा उपसायच्या कामात त्याचा हात असतो. त्याचा एक प्रकार या कामात ढिला. तो अंगात असला तर धोका वाढतो, दोन्हीकडून आला तर आणखी वाढतो, पण आजार होईलच असं नाही.

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. आजी म्हणाल्या, "ह्यांच्या आईकडनंच आलं. ती पन अशीच." आजोबांची बहीण उसळली, "आमच्या आईला नको बोलू. आमचा बापूस विसरभोला होता." मग जे जुंपलं ते चहा गार होईपर्यंत.

काही आठवड्यांनी निकाल आला. आजोबांमध्ये तो प्रकार नव्हताच. मॅडम म्हणाल्या, तो नसतानाही आजार होतो. वय असतं, बीपी असतं, शुगर असते, आणखी कितीतरी जनुकं असतात.

आजींनी चहाचे कप गोळा केले. मग नणंदेकडे बघून म्हणाल्या, "मंजे आता भांडायला पन कोन उरलं नाय."

दोघी एकदमच हसल्या, आणि हसता हसता आजींनी डोळ्यांना पदर लावला.

*

नीलेशच्या घरी जायचं आम्ही सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. आदल्या दिवशी त्याने मॅडमना सांगून टाकलं, "ह्या सोमवारी सांगाच. वाईट निघालं तर स्नेहाला नाही म्हणून कळवतो."

 त्या दिवशी गाडीत शुक्लाने गाणी लावली नाहीत.

अंगणात त्याचे बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. मॅडमनी त्यांना सांगितलं, मेंदूत पेशींच्या बाहेर चिकट कचरा साठतो, आतले धागे गुंततात. त्यांनी विचारलं, "सोडवता येतं?" मॅडम म्हणाल्या, "अजून नाही." ते म्हणाले, "मासलीचं जालं असतं तर मी सोडवत बसलो असतो."

आई ओट्यावर बसली होती. कित्येक महिने ती नवऱ्याला ओळखत नव्हती. जेवण भरवायला आले की "हा मानूस कोन?" म्हणून तोंड फिरवायची. प्रश्न नीलेशने विचारले, त्याच्याशी ती शांत राहायची. दिवस, गाव, महिना, काहीच आलं नाही. शेवटचा प्रश्न राहिला. नवऱ्याचं नाव आम्ही त्या वयाच्या बायकांना कधी विचारत नसू, कारण आठवत असलं तरी त्या घेणार नाहीत. फक्त बोट दाखवून "हे कोण?" विचारायचं. "नीलेशचे बाबा" एवढं उत्तर पुरे.

नीलेशने बोट दाखवलं. "आई, हे कोन?"

ती बघत राहिली. मग म्हणाली, "हा मोऱ्या. वरच्या आलीतला."

बाबांचा हात थांबला. दोघं एकाच गावचे, लहानपणी एकत्र खेळलेले. लग्न झाल्यापासून तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"परत विचार," बाबा म्हणाले.

"बाबा, प्रश्न एकदाच विचारायचा असतो."

"परत विचार तिला."

नीलेशने परत विचारलं.

"मोऱ्या," ती म्हणाली, आणि लाजली. "लबाड हाय."

आम्ही निघालो. गाडीपाशी मॅडमनी हळूच विचारलं, "मग सोमवारी येतोस ना?"

"सोमवारी नाय जमनार मॅडम," नीलेश म्हणाला. "सुपारी फोडायला जायचंय. बाबा पन येतात, आईला घेऊन."