हातोडी आणि हाडातला मगज

तिचं खरं नाव आता कोणाच्या तोंडी उरलेलं नाही. यार्डात तिला सगळे हातोडी म्हणतात. यार्ड म्हणजे जुन्या गाड्या फोडायची जागा. ट्रक, टॅक्सी, रुग्णवाहिका, रस्त्यावर धावून धावून जे काही मेलं ते इथे ओढून आणायचं आणि हातोडीनं त्याच्या बरगड्या उघडायच्या. आधी काच, मग दारं, मग इंजिन. एखादं दार अडून बसलं की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि बिजागरीवर असा घाव घालायची की दार लोटांगण घालत पायाशी यायचं.

मारणं हा त्या घरात बोलण्याचाच एक प्रकार होता. बाप शिकवायचा तो पान्यानं. चुकलं की पोटरीवर पाना. बरोबर आलं की पाठीत धपका, तोही असा की श्वास अडकावा. शिक्षा कुठली आणि शाबासकी कुठली, हे वळ उठला की नाही यावरून ओळखायचं. तीन भावंडं त्यावर वाढली. थोरला दादा, मधली हातोडी आणि शेवटचा धाकटा.

बाप गेल्यावर दोघे भाऊ भिडले. कारण काय, तर इंजिन उचलायची साखळी कोणी सैल सोडली. दादानं लोखंडी सळई उचलली आणि धाकट्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. धाकट्यानं खाली पडता पडता दादाच्या कानाचा लचका तोडला. हातोडीनं जळक्या ऑईलची बादली दोघांवर ओतली तेव्हा कुठे ते सुटले. धाकट्यानं थुंकलेली कानाची पाळी यार्डातल्या कुत्र्यानं पळवली. दादा तसाच, रक्त गळत, फाटकाबाहेर गेला आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला इमारती पाडायच्या कामावर लागला. तेव्हापासून त्यानं यार्डात पाऊल टाकलं नव्हतं.

मग एके दिवशी धाकट्याच्या अंगावर वळ दिसायला लागले. दंडावर, मांडीवर, बरगडीखाली. काळेनिळे, ताजे.

"कोणी मारलं?" हातोडीनं विचारलं.

"कोणी नाही गं ताई."

"खोटं बोलू नकोस. नाव सांग. दात काढून आणते त्याचे."

"अगं, मला आठवतच नाही कोणी मारल्याचं."

"म्हणजे मागून मारलं!"

ती तडक पलीकडच्या टायरवाल्याकडे गेली. मागच्याच आठवड्यात त्याची आणि धाकट्याची बाचाबाची झाली होती. टायरवाला म्हणाला, "ताई, आईशपथ, मी त्याला हात लावलेला नाही." हातोडीनं त्याच्या नाकावर डोकं आपटलं. नाक मोडल्याचा आवाज आला तेव्हा तिला बरं वाटलं.

दोन दिवसांनी नवे वळ उठले. धाकट्याच्या हिरड्यांतून आपोआप रक्त यायला लागलं. तेव्हा ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि वळ कोणी न मारताही उठतात हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. रक्ताचा कर्करोग. मारणारा आतच बसला होता.

डॉक्टर म्हणाले, "हाडातला मगज रक्त बनवतो. याचा मगज बिघडलाय. तो औषधांनी पार मारून टाकायचा आणि दुसऱ्याचा निरोगी घालायचा. पण तो जुळायला हवा. नाही जुळला तर नवा मगज याच्या शरीरावरच उलटेल."

"माझा घ्या ना. काढा आत्ता."

तिचा अजिबात जुळला नाही. डॉक्टरांनी दात्यांच्या नोंदी धुंडाळल्या, देशातल्या, परदेशातल्या. जिथे तिथे नकारघंटा. उरला एकच माणूस, अर्ध्या कानाचा.

दादा तिसऱ्या मजल्यावर उभा राहून पायाखालचाच मजला फोडत होता. हातोडी धुळीतून वर चढली.

"काय गं हातोडे? कोण मेलं?"

"मरायला टेकलाय."

घण वर गेलेला तसाच राहिला. "धाकटा?"

"तुझा मगज लागतोय त्याला."

"डोक्यातला? तो मला नाहीच म्हणायचा बाप."

"हाडातला. आधी तपासायला थोडं रक्त दे."

"कान नेला. आता हाडंही हवीत होय? त्याला म्हणावं, स्वतः ये आणि माग."

"त्याला चालवत नाही रे."

दादानं घण खाली आणला. मजल्याचा एक तुकडा कोसळला, खालून कोणीतरी ओरडलं, धूळ उडाली.  मग तो तळहातावर थुंकून म्हणाला, "चल. पण मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही."

जुळलं. डॉक्टर म्हणाले, जुळी भावंडं असावीत इतकं जुळलं. हातोडीनं आनंदानं दादाच्या पाठीत धपका घातला, तेव्हा तपासणीच्या खोलीतली नर्स दचकली.

त्या इस्पितळात दात्याचा डॉक्टर वेगळा, रोग्याचा वेगळा. दादाची डॉक्टरीणबाई ठेंगणी, जाड भिंगांची, आवाज मात्र कंडक्टरचा. तिनं दादाला एकट्याला आत घेतलं, दार लावलं. तो बाहेर आला तो हसत.

"गंमत ऐक. ती म्हणते, नको असेल तर आत्ता सांग. मी बाहेर सांगेन, तुझ्या तब्येतीला चालणार नाही. खरं कारण कोणाला कळणार नाही, तुझ्या बहिणीलाही नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बाई, मी मारतो समोरून. मागून नाही."

धाकट्याच्या डॉक्टरांनी मात्र हातोडीला बाजूला घेतलं. "उद्यापासून याचा मगज मारायला घेतोय. एकदा सुरू झालं की मागे फिरता येत नाही. तुमचे दादा ऐनवेळी आले नाहीत तर याच्यात रक्त बनवणारं काहीच उरलेलं नसेल. दात्याला जपा."

हातोडीनं दात्याला जपायला घेतलं. तिला एकच जपणं माहीत होतं. तिनं दादाला यार्डामागच्या आपल्या खोलीत आणलं, त्याच्या मोटारसायकलची किल्ली कमरेला खोचली. त्याचा एक दोस्त बाटली घेऊन आला, तिनं ती बाटली त्याच्याच पायाशी फोडली. "पुढची डोक्यावर." दादाला रोज इंजेक्शन मिळायचं, मगजातल्या पेशी रक्तात उतराव्यात म्हणून. मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून गाळायचं आणि दुसऱ्या हातात परत सोडायचं, असं ठरलं होतं. इंजेक्शनानं त्याची हाडं ठणकायची. तो भिंतीवर मुठी मारायचा.

"हात सांभाळ!" ती खेकसायची. "तो हात तुझा नाही आता."

"मग कोणाचा?"

"यंत्राचा!"

इंजेक्शनं संपत आली त्या दिवशी दुपारी धाकट्याचा फोन आला. बाहेरचा जंतू लागू नये म्हणून त्याला ठेवलं होतं त्या काचेच्या बंद खोलीतून, खोल गेलेल्या आवाजात. हातोडीनं फोन स्पीकरवर टाकला, म्हटलं दोघे एकमेकांचा आवाज तरी ऐकतील.

"ताई, त्याला सांग, उपकार नकोत. त्याचं रक्त अंगात घेऊन जगण्यापेक्षा..."

"ए पाळीचोर!" दादा उठून बसला. "उपकार कोण करतंय? तुला मारायचा हक्क माझा आहे. तो तुझा रोग कोण लागून गेलाय?"

"ये ना मग मारायला! फोनवरून काय भुंकतोस?"

फोन तुटला. दादा लालबुंद झाला होता. त्यानं खाटेखालून बूट ओढले, पाय कोंबले, नाड्या न बांधताच दाराकडे वळला.

"कुठे?"

"सरक."

"दादा, कुठे चाललास?"

"सरक म्हणतो ना!"

त्यानं तिला खांद्यानं ढकललं. ती दाराच्या चौकटीवर आपटली. तिच्या डोळ्यांसमोर काचेची खोली आली आणि त्या खोलीत एक पोकळ झालेला पोरगा. दारामागे बापाचा मोठा पाना टांगलेला होता. तो तिच्या हातात कसा आला ते तिला कळलं नाही. पाना आडवा फिरला. दादानं डोकं वाचवायला डावा हात वर केला.

कट्‌कन आवाज आला. बिजागरी तुटावी तसा. हाताचं मनगट आणि कोपर यांच्यामध्ये एक नवा सांधा तयार झाला, आणि तो चुकीच्या बाजूला वाकला.

दादा गुडघ्यांवर बसला. ओरडला नाही. घामानं डबडबून तिच्याकडे बघत राहिला. तिनं पाना टाकला. लोखंड फरशीवर नाचत राहिलं.

"अगं हातोडे," तो दात आवळून म्हणाला, "यंत्राचा हात मोडलास."

इस्पितळात डॉक्टरीणबाईनं तो हात पाहिला. कातडीवर पान्याच्या जबड्याचा ठसा उमटला होता, दोन्ही दातांसकट. तिनं भिंगांवरून आधी दादाकडे बघितलं, मग हातोडीकडे.

"कोणी मारलं?"

 हाच प्रश्न, याच आवाजात, हातोडीनं धाकट्याला विचारला होता.

"मी," ती म्हणाली. "तो पळून चालला होता."

"तुम्ही गप्प बसा. मी यांना विचारते." बाईचा आवाज चढला. "ऐका. मारून आणलेल्या माणसाच्या अंगातून मी एक थेंबही घेणार नाही. पलीकडे कोणीही मरत असो. तुम्हाला हे द्यायचंय की तुम्हाला धाक आहे? बहिणीला बाहेर काढू का?"

"राहू दे तिला. तिलाही कळू दे." दादानं मोडका हात मांडीवर नीट ठेवला. "बाई, मी पळत नव्हतो. इथेच येत होतो."

"इथे? कशाला?"

"त्याच्या खिडकीखाली उभं राहून शिव्या द्यायला. म्हणाला ना, फोनवरून भुंकतोस. म्हटलं, समोर जाऊन भुंकतो. तेवढंच त्याच्या जिवाला बरं वाटलं असतं. शिवी खाल्ली की तो अजून चिवट होतो, लहानपणापासून."



"मग सांगायचं ना मला," हातोडी म्हणाली.

"कोणाला? तुला? कधी ऐकलंयस का कोणाचं, घाव घालायच्या आधी?"

 डॉक्टरीणबाईनं दार उघडून रखवालदाराला हाक मारली. "या बाईंना फाटकाबाहेर ठेवा. हे काम होईपर्यंत या माझ्या दात्याच्या जवळपास दिसता कामा नयेत." आणि दादाकडे वळून, "या हाताच्या शिरा गेल्या, आणि यंत्राला दोन्ही हात लागतात. आता भूल देऊन कमरेच्या हाडातून काढावं लागेल. सुया जाड असतात. अजून नाही म्हणता येईल."

"बाई, तुम्ही आमच्या बापाला भेटायला हवं होतं," दादा म्हणाला. "घ्या कमरेतून."

दादाच्या हाडातला मगज पिशवीतून काचेच्या खोलीत गेला तेव्हा हातोडी फाटकाबाहेर, रखवालदाराच्या स्टुलाशेजारी उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातांना काही काम नव्हतं. रखवालदार म्हणाला, बसा. ती बसली नाही. घरी गेली, बापाचा पाना घेतला आणि गॅसच्या ज्योतीनं कापून त्याचे दोन तुकडे केले. लोखंड चांगलं होतं, फार वेळ लागला.

काही आठवड्यांनी धाकट्याच्या रक्तात नव्या पेशी दिसायला लागल्या. तिला तोंडाला मुसकं बांधून आत सोडलं. खाटेवर केस गेलेला, पिसासारखा पोरगा पडला होता. दंडावर जुने वळ पिवळे पडत चालले होते. नवा एकही नव्हता.

"ताई, त्याचा हात तू मोडलास म्हणे. कुठला?"

"डावा."

"हात्तिच्या! उजवा मोडायचास ना. मारतो तो उजव्यानं."

सवयीनं तिचा हात वर गेला, टपली मारायला. तो वरच थांबला. धाकट्यानंही डोळे मिटून मान खाली घातली होती, सवयीनंच. दोघे तसेच राहिले.

बाहेरून, खिडकीखालून, कोणीतरी बेंबीच्या देठापासून शिव्या घालायला लागलं. इस्पितळभर घुमत होत्या. धाकट्यानं डोळे उघडले, ओठ फाकले.

"खिडकी उघड," तो म्हणाला. "उत्तर द्यायचंय."

"उघडत नाही ती. काच आहे, सीलबंद."

"मग तू जा. माझ्या वतीनं दे."

हातोडी गेली. जाताना दोन्ही हात तिनं खिशात घातले होते.