भेटयादीतला दुसरा रकाना

जानेवारीतला दुसरा रविवार, दुपारचे चार. स्थळ: अकोला, दवाखान्याचा पहिला मजला, हाडांच्या वॉर्डाचं दार. हजर सहा जण: आमच्या चर्चचे पाळकसाहेब, वय चौतीस, बडनेऱ्याचे भाऊ, रेल्वेतून निवृत्त, त्यांची बायको, जिला सगळी मंडळी वहिनी म्हणते, राजापेठेत शिकवणी वर्ग चालवणाऱ्या बाई, माझे यजमान, आणि मी, अमरावतीच्या आमच्या मंडळीतल्या भगिनी मंडळाची चिटणीस. सोबत दोन किलो सफरचंदं, एक थर्मास आणि गीतांची सहा पुस्तकं. ज्यांना भेटायला आलो त्या मावशी आत होत्या, खाट क्रमांक सात.

दारातल्या नर्सबाईंनी विचारलं, "नातेवाईक कोण? एका वेळी दोघांनाच सोडते."

सहाही हात वर झाले.

"मी भाऊ," बडनेऱ्याचे भाऊ म्हणाले.

"मी मुलगी," शिकवणीच्या बाई म्हणाल्या.

"मी बहीण," मी म्हणाले.

पाळकसाहेब खोटं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना वेळ लागला. "मी... मुलगाच. प्रभूमध्ये."

"ते कोणतं गाव?" नर्सबाईंनी विचारलं आणि हातातला कागद वर-खाली पाहिला. "पेशंट अविवाहित. जवळचे नातेवाईक: नाहीत. इथं त्यांनी स्वतः लिहून दिलंय. दहा दिवसांत एक माणूस फिरकलं नाही तुमच्यातलं, आणि आज मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण?"

आतून मावशींचा आवाज आला. "सोडा त्याहिले, बाई. गाडीभाडं खर्चून आले बिचारे."

हे दहा दिवस कसे गेले ते सांगायला हवं, कारण त्याची जबाबदारी माझी आहे.

आमच्या मंडळीत भेटयादी आहे. ती मी सुरू केली, आणि ती चांगली चालते, हे मी आजही म्हणेन. त्याआधी असं व्हायचं की एखाद्याचं अपेंडिक्स निघालं की त्याच्याकडे एकाच संध्याकाळी नऊ घरचे नऊ डबे जायचे, आणि पुढचे पंधरा दिवस कोणी जायचं नाही. मी दोन रकाने आखले. पहिल्यात कोणाला भेटायचं, दुसऱ्यात कोणी भेटायचं. दर शुक्रवारी सकाळी ज्याची पाळी त्याला फोनवर निरोप. भेट झाली की त्यानं मला कळवायचं, मी खूण करायची. खूण न झालेला रकाना मला झोपू देत नाही.

मावशी या यादीच्या दुसऱ्या रकान्यात पहिल्या दिवसापासून आहेत. चांदूर बाजारच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून आयुष्य काढलं, निवृत्तीनंतर राजापेठेत एका खोलीत राहायला आल्या. लग्न केलं नाही. कोणाचंही दुखलं-खुपलं की त्या जाणार, ताप मोजणार, औषधाच्या गोळ्या मोजणार, आणि त्या घरच्या सुनेला डाळीत पाणी जास्त झालंय हेही सांगणार. पहिल्या रकान्यात त्या कधीच नव्हत्या. त्या आजारी पडत नसत. निदान आम्हाला तसं वाटायचं.

नाताळानंतर त्या अकोल्याला एका लग्नाला गेल्या. मूळच्या चांदूर बाजारकडच्या, आता अकोल्यात राहणाऱ्या एका माळी कुटुंबातली मुलगी. तिच्या आईचं बाळंतपण मावशींनी केलेलं. मांडवातच त्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. लग्नघरच्यांनी वऱ्हाडाला जेवायला बसवलं आणि मावशींना दवाखान्यात आणलं. ऑपरेशन झालं.

बातमी मंडळीच्या फोनवरच्या ग्रुपवर आली. सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. माझेही त्यात होते. मग प्रत्येकाला वाटलं, भेटीचं काय ते यादी बघेल.

यादीनं बघितलं. शुक्रवारी मी सकाळी सात वाजता, एका हातानं पोहे परतत, निरोप पाठवायला घेतले. पहिल्या रकान्यात टिपलं: अकोला, दवाखाना, हाडांचा वॉर्ड, आपली एक भगिनी. दुसऱ्या रकान्यात त्या आठवड्याची पाळी आधीच लिहिलेली होती. मी नेहमीचा मजकूर त्या नंबरवर पाठवून दिला: "अकोल्याच्या दवाखान्यात आपली एक भगिनी आहे. या आठवड्यात भेटीची पाळी तुमची. भेट झाल्यावर कळवावे."

पाळी मावशींची होती.

सोमवारी उत्तर आलं: "भेट झाली. पेशंट बरी आहे. एकटी असते."

मी खूण केली.

शनिवारच्या बैठकीत मी नेहमीप्रमाणे अहवाल वाचला. भेटी चार, झाल्या चार. "अकोला, भेट झाली, भेट देणाऱ्या..." इथवर आले आणि पुढचं नाव मला दिसलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मावशींनी मावशींनाच भेट दिली?"

"आन् कळवलं बी!" वहिनी म्हणाल्या. "आमच्यातलं एक जन बी भेट झाल्यावर कळवत नाई टायमावर."

कोणाला हसू आलं, कोणाला नाही. मला तर आठवत होतं की गेल्याच महिन्यात पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं होतं: मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायकांना आईसारखं वागवावं. त्याची तीन मुद्द्यांची टिपणं माझ्याच वहीत होती, खाली रेघ मारलेली.

तर रविवारी उपासना झाल्या झाल्या आम्ही निघालो. पाळकसाहेबांनी प्रवचन अकरा मिनिटांत संपवलं. बडनेऱ्याच्या भाऊंना गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असल्यामुळे ते शेवटच्या ओळीत उभं राहून सारखे मनगट दाखवत होते.

नर्सबाईंनी शेवटी आम्हाला सगळ्यांना आत सोडलं, गाणी म्हणायची नाहीत या अटीवर. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. बाजूच्या स्टुलावर स्टीलचा डबा होता.

"या," त्या म्हणाल्या. "आज कोनाची पाळी हाय? का साऱ्याइची?"

मी पिशवीतून सफरचंदं काढायला लागले. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"डबा कोणाचा, मावशी?" माझ्या यजमानांनी विचारलं.

"लग्नाघरचा. पोरगी सासरी गेली, तरी तिचा बाप रोज आनून राहिला. सकाळी मंडीत भाजी उतरवते आन् इकडं येते. त्याच्यापाशी यादी नाई, बिचाऱ्यापाशी. त्याच्यानं त्याले रोज या लागते."

बडनेऱ्याचे भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की उद्या सुट्टी देता येईल, पण सहा आठवडे जिना नाही, खाली बसणं नाही, आणि माणूस जवळ हवं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पण तसा प्रश्न नाहीये. त्यांनी इथल्या एका वृद्धाश्रमात चौकशी केली आहे. जागा आहे. उद्या तिकडची गाडी येईल."

"वृद्धाश्रम?" शिकवणीच्या बाईंचा आवाज वॉर्डभर गेला. "आम्ही असताना?"

"तुमी होते का?" मावशींनी विचारलं.

मग सगळे एकदम बोलू लागले. आमच्यात बोलवायची पद्धत अशी की आपापल्या घराची अडचण आधी सांगायची आणि मग बोलवायचं. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे पण चला. वहिनी म्हणाल्या, आमच्याइथं रातभर गाड्या धडधडतात पण या. पाळकसाहेब म्हणाले, आमची जुळी अजून दीड वर्षाची आहेत पण आनंद होईल. मावशी एकेकाला ऐकत होत्या, इतकी वर्षं रोग्यांची गाऱ्हाणी ऐकली तशा.

मला एवढा गोंगाट सहन होत नाही. मी वही काढली. "थांबा," म्हटलं, "रीतसर करू." आणि रकाने आखले: मजला, संडास कोणता, दिवसा घरी कोण, दवाखाना किती लांब. वॉर्डातल्या बाकीच्या खाटांवरच्या बायकाही लक्ष देऊ लागल्या. खाट क्रमांक पाचवरच्या आजींनी सुचवलं, "पान्याचं बी विचारा." तोही रकाना वाढवला.

शिकवणीच्या बाई: मजला दुसरा, बाद. बडनेरा: संडास खाली बसायचा, बाद. पाळकसाहेब: जुळी अंगावर चढतात, बाद. माझं घर: तळमजला. संडास कमोडचा, यजमानांच्या गुडघ्यांमुळे. दिवसा घरी यजमान, निवृत्त. पाणी रोज.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वहीकडे बघत राहिले. मावशींचं आणि माझं जमत नाही, हे मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरी त्या आल्या की चहाचा पहिला घोट घेऊन भांड्याकडे बघतात, म्हणजे ते नीट घासलंय का. मी त्यांना बैठकीत दोनदा वेळेची आठवण करून दिली आहे.

"निघालं बावा नाव," बडनेऱ्याचे भाऊ आनंदानं म्हणाले.

"तर मग मावशी," मी म्हणाले, "सोयीच्या दृष्टीनं पाहता आमचं घर योग्य ठरतं आहे."

"मी नाई येत," मावशी म्हणाल्या.

"का पण? सगळं बसतंय यात."

"तुह्या वहीत बसते म्हनून मी येऊ? मी का कपाट हाय?" त्यांनी चादर सारखी केली. "एक सांग मले. तुही माय पडली होती नं दोन वर्षांमागं? तवा काय केलतं तू?"

मी काय केलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तसेच हात पुसून स्टँड गाठलं, चप्पल वेगवेगळ्या जोडातली होती हे बसमध्ये कळलं. कुलूप लावलं की नाही हेही यजमानांना फोन करून विचारलं. यादी केली नव्हती. आयुष्यात तेवढी एकच वेळ.

"पळत गेले," मी म्हणाले.

"हं," मावशी म्हणाल्या.

वॉर्डात कोणीतरी खोकलं. पाळकसाहेब बहुधा मनात प्रार्थना करत होते, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांची मदत काहीच होत नव्हती. मी वही मिटली. मला भाषण येत नाही. अहवाल येतो.

"मावशी," मी म्हणाले, "तो निरोप मी पोहे परतता परतता पाठवला. कोणाला पाठवते आहे ते पाहिलंही नाही. मग तुमचं उत्तर आलं, एकटी असते म्हणून, तेही मी वाचलं आणि खूण केली. मला लाज वाटते. घरी चला."

"पाळी किती दिवसाची?"

"पाळी नाही."

"चहा कोन करते?"

"मी."

"मंग अवघड हाय," त्या म्हणाल्या, आणि स्टुलावरचा डबा पुढे सरकवला. नंतर यजमानांना म्हणाल्या, "जावई, तेवढा डबा घासून द्या त्या मानसाले. आन् डाक्टरले सांगा, आश्रमाची गाडी नोको म्हना."

यजमान डबा घासायला गेले. नर्सबाईंनी कागदावर नातेवाईकाचं नाव आणि नातं लिहायला सांगितलं. नात्याच्या जागी काय लिहावं यावर पुन्हा चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच "बहीण" लिहिलं. "तुमचं भांडण पाहून खात्री पटली," म्हणाल्या.

सहा आठवडे होऊन गेले. मावशी आमच्या पुढच्या खोलीत आहेत. चहा आता त्या बसल्या बसल्या करवून घेतात: आधी आलं, मग साखर, मग भुकटी, आणि दर वेळी "थांब, उकळू दे" ही सूचना. डाळीतलं पाणी कमी झालं आहे. भाजीवाला गृहस्थ अमरावतीच्या मंडीला येतो तेव्हा दारात मेथीच्या दोन जुड्या ठेवून जातो. भेटयादीचा नियम मंडळीनं बदलला: कोणी पडलं की आधी जाणं, मग यादी. मावशींनी दुसऱ्या रकान्यातलं आपलं नाव काढू दिलेलं नाही. वॉकर घेऊन गल्लीतल्या एका बाळंतिणीकडे जाऊनही आल्या, आणि मला रीतसर कळवलं.

डॉक्टर म्हणतात, आता त्या स्वतःच्या खोलीत एकट्या राहू शकतील. त्यांच्या खोलीची किल्ली अजून आमच्या खुंटीवर आहे.

अकोल्याहून आल्यावर मी घरात करायच्या अकरा कामांची यादी केली होती. दहा झाली. राहिलं ते संडासात धरायला स्टीलचा दांडा बसवण्याचं. बडनेऱ्याच्या भाऊंनी दांडा पहिल्याच आठवड्यात आणून दिला. पण तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "सहा हप्त्यासाठी भिताडाले भोकं काहून पाडता?" आणि आम्ही थांबलो.

काल सकाळी संडासात टाईल्सवर पेन्सिलीची एक आडवी रेघ दिसली. माझ्या कमरेच्या जरा खाली, म्हणजे बरोबर मावशींच्या हाताच्या उंचीवर. विचारलं तर म्हणाल्या, "मले काय माहीत? पुस नाईतं."

मी पुसली नाही. दांडा दारामागे उभा आहे. ड्रिल मशीनवाल्याला तीनदा फोन केला, तो परतवाड्याला कामावर आहे, म्हणतो सोमवारी बघू.