हातातला करंट

माझ्या थोरल्या दिरांना इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आजही उलटंच सांगतात. ते ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरीला होते, तेही स्टोअरमध्ये, आलेल्या खोक्यांची नोंद करायला. पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत ट्रॉम्बे म्हटलं की माणूस शास्त्रज्ञच. कुणाचा रेडिओ खरखरला की भावोजींना बोलवायचे, आणि भावोजी मान तिरकी करून सांगायचे, "कंडेन्सर गेलाय." अख्ख्या चाळीचा कंडेन्सरच गेलेला असायचा.

मी अंधेरीच्या एका कारखान्यात सहा वर्षं टीव्हीचे बोर्ड तपासायची. दिवसभर समोर ऑसिलोस्कोप. तारेतून काय वाहतंय ते आपल्याला दिसत नाही, या यंत्राच्या हिरव्या पडद्यावर दिसतं. सिग्नल असला तर लाटा उमटतात, नसला तर नुसती सरळ रेघ. मुलगी झाली, रजा लांबली, कारखान्याने मला परत घेतलं नाही. तोवर रंगीत टीव्ही घरोघरी आले होते आणि बिघडायलाही लागले होते. म्हटलं, घरीच दुरुस्ती करू. मल्टिमीटर होता, सोल्डरिंग आयर्न होतं, स्कोप तेवढा नव्हता. कारखान्यातून मिळालेला फंड होता, तो एकदाच खर्च होणार होता. स्कोप चुकीचा घेतला की माझं काम सुरू व्हायच्या आधीच संपलं.

मला काय हवं ते मला पक्कं ठाऊक होतं. ग्रँट रोडच्या बाजारात एक नवा, लहान स्कोप बघून ठेवला होता. एकाच चॅनेलचा, म्हणजे एका वेळी एकच सिग्नल दाखवणारा, दहा मेगाहर्ट्झचा. दोन चॅनेलचा परवडणारा नव्हता आणि टीव्हीच्या कामाला अडतही नव्हतं. हे मी जेवताना सांगितलं तर भावोजी हसले.

"ते खेळणं आहे गं. कुर्ल्याला माझ्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे मिलिटरीचा पीस आलाय. उचलायला दोन माणसं लागतात!"

जणू आम्ही म्हैस घ्यायला निघालो होतो. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वरणात बघत बसला होता. सासूबाई म्हणाल्या, "तो सांगता तां आयक गो. तेका कळता त्यातला."

रविवारी कुर्ल्याला गेलो. माझ्या फंडाचे पैसे नवऱ्याच्या खिशात, कारण बाईमाणसाने एवढे पैसे घेऊन कशाला फिरायचं. भंगारवाल्याने ते धूड चालू केलं. जुन्या रेडिओसारखं व्हॉल्व्हचं यंत्र, तापायला वेळ लागला, मग पडद्यावर हिरवी रेघ आली. त्याने एक बटण फिरवलं, रेघ वर गेली, खाली आली.

"आली ना लाइन? झकास!" भावोजींनी टाळी वाजवली. "चालू आहे एकदम."

"थांबा," मी म्हटलं. "प्रोब द्या इकडे."

आधी ग्राउंडचा खटका बघितला. तो खाली असला की बाहेरचं काही आत जात नाही, रेघ सरळच राहते. खटका वर होता. मग प्रोबच्या, म्हणजे स्कोपला जोडलेल्या तपासायच्या तारेच्या, टोकाला बोट लावलं. आजूबाजूला विजेच्या तारा असल्या की आपलं अंगही त्यातली थोडी वीज पकडतं. त्यामुळे बोट टेकलं की स्कोपच्या पडद्यावर लाटा यायलाच पाहिजेत. कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात हे. मी सगळ्या रेंज फिरवून पाहिल्या. रेघ ढिम्म.

"हा बहिरा आहे," मी म्हटलं. "याला बाहेरचं काही ऐकूच येत नाही."

भंगारवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावोजींना म्हणाला, "भाभी के हाथ में करंटच नहीं है!"

भावोजी खो खो हसले. आणि माझा नवरा हसला. भंगारवाल्याचं मी समजू शकते, त्याला माल खपवायचा होता. नवरा हसला, आणि हसता हसता माझे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवायला लागला.

"अहो, नका घेऊ," मी म्हटलं.

"दादासमोर तमाशा नको," तो म्हणाला.

ते धूड टॅक्सीत घालून घरी आणलं. मी आतून नुसती धुमसत होते.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी दुपारी झोपली की मी ते धूड उघडायची. रेघ वर-खाली होत होती, म्हणजे पडद्याकडचा भाग शाबूत. बिघाड सुरुवातीलाच होता, प्रोब जोडतो तिथे. आत माणूस मरेल इतका विजेचा दाब असतो, म्हणून प्लग काढून थांबायचं, मग एकेक तार मल्टिमीटरने तपासायची. दहा दिवस गेले. एक रेझिस्टर जळून कोळसा झाला होता आणि रेंजच्या स्विचला हिरवा गंज चढला होता. रेझिस्टर बदलला, गंज खोडरबराने घासून काढला. बोट लावलं. पडदाभर लाटा! मी रडले. आनंदबिनंद काही नाही, संतापाने रडले.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बघ! दादा सांगत होता ना, चालू आहे म्हणून."

मग काय, भावोजींना रान मोकळं. माझ्याकडे टीव्ही यायला लागले, चांगले दुरुस्त होऊन जायला लागले, आणि भावोजी सगळ्यांना सांगत सुटले, "मी सिलेक्ट करून दिला. हिला काय कळणार त्यातलं!" मी सांगायला गेले की नवरा डोळे वटारायचा.

मुलीच्या वाढदिवसाला भावोजी ऑफिसातले चार मित्र घेऊन आले. केक राहिला बाजूला. "चालू कर गं तो आपला स्कोप."

मी चालू केला. हळूच ग्राउंडचा खटका खाली पाडला.

"तुम्हीच दाखवा ना भावोजी. इथे बोट लावा, लाटा येतात."

त्यांनी ऐटीत बोट लावलं. रेघ सरळ. जोरात दाबलं. रेघ सरळ. दुसरं बोट, मग थुंकी लावून अंगठा. शास्त्रज्ञांना खटका काही दिसला नाही. सासूबाई पुढे होऊन बघायला लागल्या.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भावोजींच्या हातात करंटच नाही!"

मित्र हसले, शेजारणी हसल्या. मी खटका वर केला, माझं बोट टेकवलं, आणि पडदाभर लाटा उसळल्या. भावोजींचं तोंड हे एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नवरा तेवढा हसला नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "चारचौघांत दादाचा असा अपमान करायला नको होतास."

"आणि कुर्ल्याला?" मी विचारलं.

"कुर्ल्याला काय झालं?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. नाटक करत नव्हता तो. त्याला खरंच आठवत नव्हतं.